लिओनोर फिनीचा जुना लिथोग्राफ घेताय? सही सगळ्यात शेवटी बघा

चित्रकार लिओनोर फिनीचे लिथोग्राफ (दगडावरून किंवा पत्र्यावरून कागदावर छापलेली चित्रं) दुर्मिळ वगैरे नाहीत, उलट बाजारात भरपूर आहेत, आणि गोची तिथेच आहे, त्यात पोस्टरं आणि पुस्तकातली सुटी पानंही मिसळलेली असतात. बाई जन्मली 1907 साली ब्यूनोस आयर्सला, वाढली इटलीतल्या ट्रिएस्टेत, मग पॅरिसला गेली ती तिथलीच झाली, वारली 1996 ला. सरिअ‍ॅलिस्टांच्या, म्हणजे स्वप्नातल्यासारखी चित्रं काढणाऱ्यांच्या, प्रदर्शनात चित्रं लागायची पण त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों याच्या गटात काही ती रीतसर शिरली नाही, त्याची बायकांबद्दलची मतं तिला पटायची नाहीत. स्फिंक्स, मांजरी, टक लावून बघणाऱ्या बायका हे तिचं जग, घरातही डझनाच्या वर मांजरी होत्या.

तर सगळ्यात आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, चित्र नंतर. लिथोग्राफमध्ये दगडावर किंवा पत्र्यावर तेलकट खडूने काढतात, वर पाणी फिरवतात, शाई फक्त तेलकट जागीच धरते, आणि साधारण प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यामुळे भिंगाखाली खडूचा रवाळपणा दिसायला हवा, पाटीवर पेन्सिल घासल्यासारखा. त्याऐवजी एकसारख्या ओळीत ठिपके, ठिपक्यांची फुलं-फुलं दिसली की तो ऑफसेट, फोटोवरून यंत्राने छापलेला, म्हणजे पोस्टरच. डोळा तयार करायचा असेल तर घरच्या देवघरात रविवर्मा प्रेसची खरी जुनी लक्ष्मी असेल ती बघा (प्रेस 1894 ला मुंबईत सुरू झाली), तीही लिथोच आहे, ठिपके असतात पण हाताने मारलेले, वेडेवाकडे, आणि मग शेजारी यंदाचं कॅलेंडर धरा. पाच मिनिटांत फरक कळतो.

मग कागद. उजेडासमोर धरला की आर्श किंवा रीव्ह (फ्रेंच कागदांची नावं) असा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, बऱ्याचदा दिसतो, पण नाही दिसला म्हणून लगेच खोटा म्हणू नका, जपानी कागदावरही प्रती काढायचे. मागे मजकूर छापलेला असेल किंवा मधोमध घडी असेल तर ते पुस्तकातलं सुटं पान असू शकतं, फिनीने पो, बोदलेर अशा लेखकांच्या बऱ्याच पुस्तकांना चित्रं केलीत. पान वाईट नसतं हो, पण त्याला सही केलेल्या प्रिंटचा भाव देऊ नका.

खाली डावीकडे 84/275 असा आकडा असतो, म्हणजे 275 पैकी ही 84 वी प्रत, आकडा लहान म्हणून प्रत भारी असं काही नाही. ई.ए. लिहिलं असेल तर ती कलाकाराची प्रत, एच.सी. म्हणजे विक्रीबाहेरची. आता सही. कागद तिरका धरा, पेन्सिल चमकते, छापलेली सही चमकत नाही. पण नुसत्या सहीवर जाऊ नका, पेन्सिल काय कुणाच्याही हातात असते.

आणि फ्रेम. माझा पहिला प्रिंट फ्रेमवाल्याकडे टाकला, चार दिवसांनी आणायला गेले तर पठ्ठ्याने "मॅडम साइझ बसत नव्हता" म्हणून खालची पांढरी पट्टी सरळ कापलेली, आकडा आणि सही दोन्ही त्या पट्टीवर, पट्टी कचऱ्यात! तेव्हापासून मी मागे पेन्सिलीने नाही, वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देते: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घ्या, काच कागदाला टेकता कामा नये, आणि चित्र धरायला वरून दोनच बिजागऱ्या, म्हणजे जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. चिकटपट्टी लावली तर काही वर्षांनी पिवळा डाग पडतो आणि तो जवळजवळ निघतच नाही.

मुंबई-कोकणात राहत असाल तर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ओल मागूनच येते, तपकिरी ठिपके पडतात, कसरही लागते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते, आणि दिवाळीच्या साफसफाईला एकदा उतरवून मागचा पुठ्ठा हाताने चाचपून बघा, गार-दमट लागला तर तो आधी बदला.