फोन निवडताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतली चार दुकानं पालथी घातली तरी फोन पसंत पडत नसेल, तर एकदा आपली यादी तपासा. हलका हवा, बॅटरी दोन दिवस टिकावी, फोटो भारी यावेत आणि बजेट पंधरा हजार! एवढं सगळं एका फोनात मावत नाही. काय हवं याच्या आधी काय सोडणार ते ठरवा.

मेगापिक्सेलवर भाळणं ही सगळ्यात जुनी चूक. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यापेक्षा प्रकाश टिपणारा सेन्सर किती मोठा आणि ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे का, ते विचारा. सोबतचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा शोभेचा समजा. ‘व्हर्च्युअल रॅम’ही तसलीच, ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते.

आपल्याकडचा पाऊस मात्र हिशेबात धराच. आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) दिसलं की लोक फोन घेऊन रंकाळा तलावात उतरायला तयार होतात. ही चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. वापरात रबरी सील सैल होतं, फोन एकदा पडला तर आणखीच. आणि पाणी शिरलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. गाडीवरून ये-जा करताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं आयपी५४ चालतं. वरचे पैसे बॅटरीत घाला. फोन भिजलाच तर लगेच चार्जिंगला लावू नका, तांदळात तर मुळीच पुरू नका, बारीक कण पोर्टमध्ये अडकतात. बंद करा, पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर जागी वाळू द्या.

पन्हाळा, गगनबावड्याच्या डोंगराळ भागाकडे नेहमी जाणं असेल तर ५जीचे बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, बघा. जिओने २०२२ च्या लिलावात घेतलेला ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एन२८, लांबवर पोचतो आणि भिंतीतूनही बरा शिरतो. फोनमध्ये तो बँड नसेल तर अशा ठिकाणी जिओवर नुसत्या ‘५जी’ स्टिकरचा फारसा उपयोग नाही.

अपडेट किती वर्षं मिळणार हे कुणी विचारतच नाही. गुगलच्या पिक्सेल ८ ला ७ वर्षांचा वायदा आहे; स्वस्तातल्या अनेक फोनांना त्याच्या निम्माही नसतो. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर इथे तडजोड नको, कॅमेऱ्यात करा.

पैसे देण्याआधी डेमो फोन दुकानाबाहेर उन्हात धरून स्क्रीन वाचता येते का बघा. विकत घेतलेल्या फोनवर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्याशी आणि बिलाशी जुळवूनच बाहेर पडा.