नेटची कंपनी बदलली आणि टीव्ही अडकायला लागला? आधी जुना राउटर बघा

नवं कनेक्शन घेतल्यावर टीव्हीवर चकती फिरायला लागली की पहिला सल्ला येतो, ‘मोठा प्लॅन घ्या’. घेऊ नका. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. शंभरच्या प्लॅनवर जे चित्र अडकतं ते तीनशेवरही अडकणार. आणि बडोद्यात रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, जाडजूड विटांच्या भिंतींपुढे, प्लॅनचा आकडा तसाही लंगडाच पडतो.

सुरुवात तारेपासून करा. लॅपटॉप केबलने नव्या राउटरला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि रात्री नऊ-दहाला, म्हणजे सगळी सोसायटी टीव्हीसमोर असते तेव्हा, स्पीड तपासा. शंभरच्या प्लॅनला नव्वदच्या वर आले तर दोष बहुधा घरात आहे. फास्ट डॉट कॉमवरही बघा, कारण ती चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते. दुसऱ्या चाचणीत ९५ आणि इथे १० दिसले, तर कंपनीची त्या बाजूची वाट तुंबलेली आहे. घरात राउटर हलवत बसण्यात अर्थ नाही.

तारेवरच स्पीड कमी असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. येणारा सिग्नल उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलचं माप) खाली, म्हणजे उणे २८, उणे २९ असा, गेला असेल तर फायबर कुठेतरी मुडपली आहे किंवा जोड बिघडला आहे. उत्तरायणानंतर असं झालं तर गच्चीवरून गेलेली वायर आधी तपासा. पतंगांच्या धांदलीत तिच्यावर किती पाय पडले असतील याचा हिशोब नसतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर स्वतः काढून फुंकर मारू नका, त्याच्या टोकात डोकावू तर नकाच.

नवा राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी असेल तर बाहेर काढून उंचावर ठेवा.

आता खरी गोम. लोक जुना राउटर ‘रेंज वाढेल’ म्हणून आतल्या खोलीत तसाच जोडतात, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. दोन्ही राउटरांचा नेटवर्कवरचा पत्ता बऱ्याचदा एकच असतो, १९२.१६८.१.१. दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटत सुटतात. ज्या यंत्राला जुन्याकडून पत्ता मिळाला त्याला बाहेरची वाट सापडत नाही. म्हणून नेट सकाळी चालतं आणि संध्याकाळी चालत नाही. जुन्याच्या मागच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट जिथे जोडतात त्या खाचेत) केबल खुपसली की प्रश्न सुटतो, असं सांगणारे भेटतील. त्याने घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर टाकता येत नाही. जुन्याला नुसता ॲक्सेस पॉइंट करणं, म्हणजे त्याने पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवणं, हाच उपाय.

त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर पुढचा क्रम चुकवू नका. जुना राउटर नव्यापासून पूर्ण सोडवा आणि फक्त लॅपटॉपला केबलने जोडा. आधी वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि चॅनेल (कोणते ते खाली दिलं आहे) ठरवून घ्या. मग त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.२५० करा आणि त्या नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही, सेटिंगचं पान उघडणार नाही आणि रिसेटचं बटण दाबून सगळं पहिल्यापासून करावं लागेल. नव्या राउटरमध्ये डीएचसीपीची हद्द १९२.१६८.१.२०० वर थांबवा, म्हणजे २५० कुणा दुसऱ्याला जाणार नाही. नव्याचा पत्ता १९२.१६८.०.१ किंवा आणखी काही असेल तर जुन्याला त्याच ओळीतला पत्ता द्या, जसं १९२.१६८.०.२५०.

मग केबल नव्याच्या लॅन पोर्टातून जुन्याच्या लॅन पोर्टात. वॅन पोर्ट रिकामाच राहू द्या. केबल कॅट ५ई घ्या आणि आठही तारा जोडलेल्या आहेत ना ते बघा. चारच तारांवर लिंक १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही.

चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका, दोघे एकाच चॅनेलवर येऊन एकमेकांचा आवाज दाबतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १, दुसऱ्याला ११ द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. टीव्हीला ५चं नेटवर्क दिसतच नसेल तर टीव्ही फक्त २.४चा आहे, किंवा राउटर ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर बसलाय. ती काही टीव्हींना दिसत नाहीत.

दोन्हीकडे एकच नाव ठेवावं असं सगळे सांगतात. हिंडणाऱ्या मोबाइलसाठी ते ठीक. टीव्ही मात्र एका जागी असतो आणि एकदा लांबच्या राउटरला चिकटला की सोडत नाही. त्याच्याजवळच्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, टीव्हीतली जुनी नेटवर्कं ‘फरगेट’ करा आणि तेवढंच जोडा. दोन राउटरांमध्ये केबल टाकायची नाही म्हणून बाजारातून स्वस्त रिपीटर आणू नका. त्यात बहुधा एकच रेडिओ ऐकतो आणि पुढे पाठवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

टीव्ही राउटरशेजारीच असेल तर सरळ केबल लावा. टीव्हीचा लॅन पोर्ट १००चा असला तरी फोर-केला भरपूर झाला.

एवढं करूनही तारेवरचा रात्रीचा आकडा पडलेला असेल तर तारीख-वेळेसह तीन रात्रींचे फोटो काढून तक्रारीला जोडा. कंपनीचा माणूस सकाळी अकराला राउटरला खेटून मोबाइलवर ९५ दाखवेल, त्यावर तक्रार बंद करायला देऊ नका. ओटीपी मागितला तर रात्री नऊची चाचणी झाल्यावरच द्या.