उबुंटूवर ‘/यूएसआर/बिन’ चुकून पुसली गेल्यास

प्रशासकाच्या अधिकाराने फाइली पुसणारा ‘सुडो आरएम’ हा आदेश लिहिताना एक स्पेस चुकीच्या जागी पडली, तरी बहुतेक प्रोग्राम जिथे असतात ती ‘/यूएसआर/बिन’ ही डिरेक्टरी क्षणात रिकामी होऊ शकते. अशा वेळी संगणक लगेच रीस्टार्ट करू नये. उघडे टर्मिनल अजून मेमरीतून चालत असते. एलएस (यादी दाखवणारा), सीपी (प्रत करणारा) हे प्रोग्राम गेले तरी ‘सीडी’ आणि ‘इको’ हे बॅशचे, म्हणजे टर्मिनलमधले आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामचे, अंगभूत आदेश चालतात, त्यामुळे ‘इको *’ लिहून कोठे काय उरले आहे हे पाहता येते आणि उघड्या एडिटरमधील काम जतन करून घेता येते. (येथे देवनागरीत दिलेले आदेश टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत लिहावेत.)

दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट सुरू करता येते असा) तयार करावा, पण तो त्याच आवृत्तीचा असावा. २४.०४ मध्ये जीलिबसी (प्रोग्राम चालण्यासाठी लागणारी मूळ लायब्ररी) २.३९ आहे आणि २२.०४ मध्ये २.३५, त्यामुळे नव्या आवृत्तीतले अनेक प्रोग्राम जुन्या प्रणालीवर सुरूच होत नाहीत. बिघडलेल्या संगणकावर या पेनड्राइव्हवरून लाइव्ह प्रणाली सुरू झाल्यावर, डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’ने मूळ पार्टिशन ओळखून ते ‘/एमएनटी’वर माउंट करावे, म्हणजे जोडावे, आणि सर्वप्रथम होम डिरेक्टरीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी; घाबरलेल्या माणसाच्या हातून दुसरी चूकही लगेच होते.

त्यानंतर ‘सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/यूएसआर/बिन’ आणि ‘सुडो सीपी -ए -एन /यूएसआर/बिन/. /एमएनटी/यूएसआर/बिन/’ हे दोन आदेश द्यावेत. ‘-ए’ विसरू नये, कारण त्यानेच मालकी आणि सेटयूआयडी परवानगी (प्रोग्रामला मालकाच्या अधिकाराने चालू देणारी) टिकते. ती गेली तर पुढे सुडोच काम नाकारते.

आता डेव्ह, प्रोक, सिस आणि रन या चार डिरेक्टरी ‘माउंट --बाइंड’ने ‘/एमएनटी’खाली जोडून ‘सुडो चरूट /एमएनटी’ करावे, म्हणजे पुढचे आदेश मूळ प्रणालीच्या आत चालतात. आत बसवलेल्या पॅकेजच्या फाइली तपासणारा ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवल्यावर येणारी यादी घाई न करता वाचावी. ‘मिसिंग’ने सुरू होणारी ओळ म्हणजे लाइव्ह प्रणालीत नसलेला प्रोग्राम, उदाहरणार्थ तुम्ही स्वतः बसवलेला व्हीएलसी. पाचाचा आकडा आणि पुढे ‘सी’ हे अक्षर असेल, तर ती बहुधा तुम्हीच बदललेली सेटिंगची फाइल असते व ती सोडून द्यावी. मात्र ‘/यूएसआर/बिन’मधल्या फाइलसमोर पाच दिसला, तर पेनड्राइव्हवरून आलेली प्रत अपडेटपूर्वीची आहे असे समजावे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या फाइलींचे पॅकेज ‘डीपीकेजी -एस’ने शोधून ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवावे. शेवटी ‘एक्झिट’ करून सर्व अनमाउंट करावे, पेनड्राइव्ह काढावा आणि मगच रीस्टार्ट करावे.

सेटिंगच्या फाइलींची ‘/ईटीसी’ डिरेक्टरी गेली असल्यास हा मार्ग अपुरा पडतो. तेथील पुसलेल्या फाइली तुम्हीच मुद्दाम काढल्या असे डीपीकेजी मानते, त्यामुळे ‘--फोर्स-कॉन्फमिस’ दिल्याशिवाय त्या परत येत नाहीत. वापरकर्त्यांची नोंद असलेली ‘पासडब्ल्यूडी’ फाइल तर कोणत्याच पॅकेजमध्ये नसते, ती बॅकअपमधूनच आणावी लागते.