सामुदायिक कला, कलाशिक्षण आणि सार्वजनिक जागा यांसाठी फाउंडेशनकडे अनुदान कसे मागावे

अनुदानाचा अर्ज लिहायला घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ज्या भिंतीवर, वर्गात किंवा चौकात हे काम उभे राहणार आहे, तिथे रोज वावरणारी माणसे त्याला आपले म्हणतील का, आणि म्हणणार असतील तर ते कागदावर कसे दाखवता येईल? कलाकृतीच्या दर्जाविषयी बहुतेक अर्जदार भरभरून लिहितात. मात्र परवानगी, देखभाल आणि सहभाग यांविषयीचे रकाने दोन ओळींत उरकतात. अर्ज तपासणाऱ्याचे बोट नेमके याच रकान्यांवर थांबते.

पहिले काम योग्य फाउंडेशन, म्हणजे अशा कामांना अनुदान देणारी संस्था, शोधण्याचे. यासाठी संकेतस्थळावरील उद्दिष्टांपेक्षा मागील तीन-चार वर्षांत दिलेल्या अनुदानांची यादी अधिक उपयोगी पडते, कारण उद्दिष्टे व्यापक शब्दांत लिहिलेली असतात आणि पैसा कुठे गेला हे मात्र यादीतच कळते. अमेरिकेतील खासगी फाउंडेशनांना दरवर्षी आपल्या गुंतवणूक-मालमत्तेच्या साधारण ५ टक्के इतकी रक्कम धर्मादाय कामासाठी खर्च करावी लागते, आणि कुणाला किती दिले हे त्यांच्या '९९०-पीएफ' या वार्षिक विवरणपत्रात कुणालाही पाहता येते. ब्रिटनमधील अनेक निधीदाते '३६०गिव्हिंग' या उपक्रमाद्वारे आपल्या अनुदानांची माहिती स्वतःहून खुली करतात. यादी वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: सरासरी रक्कम किती आहे, नव्या संस्थांना कितपत संधी मिळते आणि पैसा माणसांच्या मानधनावर दिला जातो की केवळ बांधकामावर. ज्या फाउंडेशनने आजवर दिलेली सर्वांत मोठी रक्कम आपल्या मागणीच्या निम्मीही नाही, तिथे संपूर्ण प्रकल्पासाठी अर्ज करण्यात वेळ दवडू नये. तिथे प्रकल्पाच्या एखाद्या स्वतंत्र टप्प्यापुरते अनुदान मागता येते.

एका शहरापुरते किंवा जिल्ह्यापुरते काम करणारी कम्युनिटी फाउंडेशन ही वेगळी जात आहे. या प्रकारची पहिली संस्था १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे स्थापन झाली. अशा संस्था अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र करून स्थानिक कामांना देतात, त्यामुळे नवख्या गटाने सुरुवात इथूनच करणे शहाणपणाचे ठरते. आपला गट नोंदणीकृत नसेल, तर अनेक देशांत एखादी नोंदणीकृत संस्था पालकसंस्था म्हणून अनुदान स्वीकारू शकते आणि त्याबद्दल ठरावीक टक्के शुल्क घेते. मात्र निधी कुणाच्या सहीने निघेल आणि तयार झालेल्या कामावर हक्क कुणाचा राहील, हे लेखी ठरल्याशिवाय अशा व्यवस्थेत शिरू नये.

पूर्ण प्रस्तावाआधी एक-दोन पानांचे प्राथमिक पत्र मागवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यात कोण, कुठे, कुणासोबत, किती काळ आणि किती रकमेसाठी एवढेच असावे. पूर्वपीठिका लिहिण्याचा मोह इथे आवरावा.

मूळ प्रस्ताव लिहिताना तिन्ही क्षेत्रांची नस वेगळी आहे हे ध्यानात ठेवावे. सामुदायिक कलेच्या प्रस्तावात 'स्थानिकांचा सहभाग' हा शब्दप्रयोग एकट्याने काहीच सांगत नाही. विषय कुणी निवडला, आराखडा नाकारण्याचा अधिकार कुणाला होता, सहभागींना त्यांच्या वेळेचा मोबदला मिळणार का, हे लिहावे लागते. कलाशिक्षणात सर्वांत सामान्य चूक म्हणजे नाटक किंवा चित्रकलेमुळे मुलांचे गणिताचे गुण वाढतील असे आश्वासन देणे. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झीरो'मधील संशोधकांनी २००० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कलाशिक्षणामुळेच इतर विषयांतील गुण वाढतात असे दाखवणारा पुरावा बहुतेक बाबतींत त्यांना सापडला नाही. नाट्यीकरणाचा भाषिक कौशल्यांशी असलेला संबंध हा मोजक्या अपवादांपैकी एक होता. तेव्हा मुले निरीक्षण करायला, चुकलेले काम पुन्हा हातात घ्यायला आणि इतरांसोबत काहीतरी घडवायला शिकतील, असे कलेतून खरोखर साधणारे उद्दिष्ट लिहावे. जाणकार परीक्षकाला तेच अधिक पटते.

सार्वजनिक जागेचा प्रस्ताव सर्वांत गुंतागुंतीचा, कारण तिथे कलेबरोबर मालकी, सुरक्षितता, विमा आणि देखभाल हेही प्रश्न येतात. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांसमोरील चौकात शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे सुमारे १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी शिल्प 'टिल्टेड आर्क' १९८१ साली सरकारी खर्चाने बसवले गेले. चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांना भिंतीसारखे उभे असलेले ते शिल्प अडथळा वाटू लागले. १९८५ च्या जाहीर सुनावणीत बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक शिल्प तिथेच राहावे या मताचे होते, तरीही १९८९ मध्ये ते हटवण्यात आले. त्या वादात कोण बरोबर होते यावर आजही दुमत आहे. पण अर्जदाराने एवढे निश्चित समजून घ्यावे की कलाक्षेत्रातील मान्यवरांची पाठिंब्याची पत्रे आणि त्या जागेतून रोज चालणाऱ्यांची संमती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. न्यूयॉर्कमधीलच 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवरील चित्रे मालकाच्या परवानगीने काढलेली होती. ती त्याने २०१३ मध्ये पांढऱ्या रंगाने पुसली. दृश्यकलावंतांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याच्या आधारे २०१८ मध्ये २१ कलावंतांना एकूण ६७.५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणून भिंतीच्या मालकाशी होणाऱ्या करारात चित्र किमान किती वर्षे राहील, ते काढण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावी लागेल आणि दुरुस्ती कुणी करायची, ही कलमे असावीत. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने करार स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावा, आणि त्याची फीसुद्धा अंदाजपत्रकात धरावी.

अंदाजपत्रकाविषयी थोडे विस्ताराने, कारण माझ्या मते प्रस्तावाचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो. कलावंतांचे मानधन साहित्याच्या खर्चाखाली लपवू नये. तयारीचे, बैठकांचे आणि प्रवासाचे दिवसही मोजावेत. स्वयंसेवकांचा वेळ किंवा फुकट मिळालेली जागा वस्तुरूप योगदान म्हणून वेगळी दाखवावी आणि तिचे मूल्य कसे काढले ते लिहावे. कार्यालय, हिशेबनीस, वीज असे अप्रत्यक्ष खर्च दाखवायला संस्था कचरतात; परंतु निधीदात्यांची भूमिका याबाबत बदलत आली आहे. अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनने प्रकल्प-अनुदानांतील या खर्चाचा दर आधी १० वरून २० टक्क्यांवर नेला आणि २०२३ पासून तो किमान २५ टक्के केला. ज्या फाउंडेशनकडे अर्ज करत आहोत तिची मर्यादा आधी वाचावी आणि मर्यादेपर्यंतचा खरा खर्च निःसंकोच मागावा. उघड्यावर राहणाऱ्या कामासाठी आकस्मिक खर्चाची तरतूद आणि पुढील काही वर्षांच्या देखभालीची रक्कम या दोन स्वतंत्र ओळी हव्यातच. त्या नसतील तर उद्घाटनानंतरचा विचार झालेला नाही असा अर्थ काढला जातो, आणि बहुधा तो बरोबरच असतो.

परिणाम मोजण्यासाठी महागडे सर्वेक्षण लागत नाही. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौकांचे ठरावीक अंतराने चित्रीकरण करून माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात हे मोजले. त्या निरीक्षणांचा उपयोग पुढे १९७५ मध्ये शहराच्या नियमावलीत बदल करताना झाला. आपणही ठरावीक वारी, ठरावीक वेळी, किती माणसे थांबली, किती एकटी होती, मुले आणि वृद्ध किती होते, याची नोंद ठेवू शकतो. ही मोजणी काम सुरू होण्यापूर्वी एकदा व्हायलाच हवी, अन्यथा नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

नकार आल्यास कारण विचारणारे छोटे, सभ्य पत्र पाठवावे; काही फाउंडेशने परीक्षकांचे शेरे कळवतात आणि पुढील फेरीच्या अर्जात त्यांना थेट उत्तर देता येते. मंजुरी आल्यास करारपत्रातील हप्त्यांच्या आणि अहवालांच्या तारखा त्याच दिवशी नोंदवाव्यात. जागा बदलली, कलावंत बदलला किंवा एका शीर्षाखालचा पैसा दुसरीकडे वळवायचा असला, तर खर्च करण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. अहवालात फसलेल्या गोष्टीही लिहाव्यात, उदाहरणार्थ ज्या कार्यशाळेला कुणीच आले नाही तिची वेळ कोणत्या कारणाने चुकली आणि पुढच्या खेपेस ती कुणाला विचारून ठरवली.