ठाण्याला उतरण्याआधी बायोडाटा नीट करा

दर वर्षी जूनमध्ये निकाल लागले की माझ्या फोनवर गावाकडून पीडीएफ यायला लागतात. "ताई, जरा बघा ना, तुमच्याकडं काही होतं का." उघडून बघावं तर वर मोठ्या अक्षरात 'बायोडाटा', कोपऱ्यात गॅदरिंगमधला कापून लावलेला फोटो, मग वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि तळाशी 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र. उंची आणि रास घातली की थेट वधू-वर मेळाव्यात चालेल.

मी उदगीरची. बीएस्सी केमिस्ट्री करून २०१४ ला इकडे नवी मुंबईत आले, कोपरखैरण्याला मामाकडे राहिले, आता रबाळ्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये आहे. गेली काही वर्षं इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. त्यामुळे हे लिहिलंय ते मुख्यतः लॅब आणि एमआयडीसीवाल्या पोरापोरींसाठी. ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांनी आपल्या कामाचं तेवढं उचलावं. खोली, डबा, रेल्वेचा पास यावर काही लिहीत नाही. ते आठवड्याभरात आपोआप कळतं.

माझी चूक आधी सांगते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही नको. आल्यावर तीन महिने नोकरी मिळाली नाही. जाईन तिथे एकच वाक्य, "वर्षाचा अनुभव हवा." ठाण्याला स्टेशनजवळ एक कन्सल्टन्सी होती, जिन्याखाली काचेचं केबिन. तिथल्या माणसाने बारा हजार घेतले आणि कुठल्याशा लॅबचं अकरा महिन्यांचं अनुभवपत्र दिलं. लेटरहेड, सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. ते बारा हजार आप्पांच्या सोयाबीनच्या पट्टीतले होते. त्या पत्रावर मला बऱ्यापैकी कंपनीत नोकरी लागलीसुद्धा.

चौथ्या महिन्यात एचआरने बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक माझा रेझ्युमे, दुसरा रुजू होताना मीच भरलेला पीएफचा फॉर्म ११. आधी पीएफचे सभासद होतात का, असं त्यात विचारलेलं असतं. मी तिथे खरं तेच लिहिलं होतं, नाही. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "यातलं खरं कुठलं, ते तुम्हीच सांगा." पडताळणीवाला माणूस पत्रावरच्या पत्त्यावर जाऊन आला होता. तिथे इस्त्रीचं दुकान होतं.

त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. तिथे चार महिने खरं काम केलं होतं, पण त्याचंही रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र, मिळालं नाही. पुढची दोन वर्षं पावण्याच्या एका लहान युनिटमध्ये नऊ हजारांवर काढली. आप्पांना अजूनही वाटतं की ती कंपनी बंद पडली.

आता तर हे लपतच नाही. २०१४ पासून पीएफला यूएएन आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते नंबर. कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं एका नंबराखाली दिसतं. मात्र एक लक्षात ठेवा. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो. तुम्ही लातूरला पाच माणसांच्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये खरंच वर्षभर काम केलं असेल, तर पीएफ नसणं हा गुन्हा नाही. तसं स्पष्ट सांगा, पगार बँकेत जमा झालेल्या नोंदी दाखवा. खरा लहान अनुभव आम्ही धरतो.

आता रेझ्युमे. एक पान पुरे. फोटो, जात, लग्न, प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. मोबाइल नंबर चालू असलेला द्या, आणि ईमेल नावाचा असावा, 'कूल प्रिन्स'चा नको. फाइलला स्वतःचं नाव आणि कामाचं नाव द्या. 'फायनल न्यू टू' नावाच्या फायली माझ्याकडे इतक्या येतात, की कुठली कुणाची ते शोधतच बसावं लागतं. सुरुवातीचा 'ऑब्जेक्टिव्ह' तर सगळ्यांचा एकाच सायबर कॅफेतून आल्यासारखा असतो, आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार वगैरे. कुणी वाचत नाही. त्या जागी दोन ओळींत सांगा, शिक्षण काय, कुठली उपकरणं हाताळली, कुठल्या कामासाठी अर्ज आहे, कधीपासून येऊ शकता. सध्या घणसोलीत राहत असाल तर तसं लिहा, कारण नुसता गावचा पत्ता बघून 'येईल की नाही कोण जाणे' म्हणून बाजूला ठेवणारे आहेत. राहत नसाल तर खोटा पत्ता घालू नका. परत तेच सांगतेय, कळलं असेल.

छंद लिहायचेच असतील तर जपून. एकाने 'वाचन' लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी विचारलं, शेवटचं काय वाचलं? पोरगं म्हणालं, "सर, गाईड."

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कामाच्या ओळींवर. 'सर्व उपकरणांचे ज्ञान' असं लिहिलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. त्याऐवजी एका मुलीने लिहिलं होतं, "प्रोजेक्टमध्ये यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २५७ नॅनोमीटरला पॅरासिटामॉल गोळ्यांमधलं औषधाचं प्रमाण काढलं, तीन ब्रँड, प्रत्येकी सहा नमुने." कॉलेज कुठल्याशा तालुक्यातलं. पण तिने काय केलं ते मला दिसलं, आणि काय विचारायचं तेही कळलं. तीच तरंगलांबी का घेतली? विरघळवायला काय वापरलं? एखादा नमुना वेगळा आला तर काय केलं? ती वीस मिनिटं बोलली, आणि तिच्या लक्षातही आलं नाही की इंटरव्ह्यू चाललाय.

एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, लिहिणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण ज्याला त्याला ते लिहायचं असतं. मी तत्त्व विचारत नाही, ते पाठ असतं. मी विचारते, काम झाल्यावर कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी त्यातली नळी, कसा धुता? ज्याने फक्त काचेतून मशीन बघितलंय तो म्हणतो, "मिथेनॉलने." ज्याने हात लावलाय तो आधी मला विचारतो, "मॅडम, बफर कुठला होता?" फॉस्फेट बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं क्षाराचं द्रावण, चालवून लगेच शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडलं तर क्षार आतच साकळतो, प्रेशर चढतं आणि कॉलम जातो. म्हणून आधी भरपूर पाणी असलेल्या मिश्रणाने बफर काढायचा, मग सेंद्रिय द्रावक वाढवायचा. मागे परभणीकडचा एक मुलगा याच प्रश्नावर खाली बघत म्हणाला, "माझ्याकडून एकदा तसंच झालं होतं मॅडम, सर लई बोलले." त्याला घेतला. कॉलेजात मशीन बंदच पडलेलं असेल तर 'प्रात्यक्षिक पाहिले आहे' एवढंच लिहा. लाज वाटायचं कारण नाही, निम्म्या कॉलेजांत तेच आहे. त्यापेक्षा टायट्रेशन, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, वजनकाट्याची रोजची तपासणी नीट सांगता आली तर पहिल्या नोकरीला पुष्कळ झालं.

चुकीच्या आकड्याचा प्रश्न हमखास येतो. रिझल्ट मर्यादेबाहेर आला तर काय कराल? "परत करीन" हे उत्तर देऊ नका. आधी नोंद करायची, वरिष्ठांना कळवायचं, द्रावण फेकायचं नाही, मग चौकशी. औषध कंपनीत हवं तसं उत्तर येईपर्यंत टेस्ट करत बसणारा माणूस नको असतो, आणि लिहिलेला आकडा खोडणारा तर नकोच.

भाषेचं भय मलाही होतं. पहिल्या इंटरव्ह्यूत मी प्रत्येक वाक्याला 'सर' लावत होते आणि दर दोन मिनिटांनी 'हो'ऐवजी 'हौ' म्हणत होते. 'हौ'ने काही बिघडत नाही. 'माझं इंग्रजी चांगलं नाही' अशी माफी मागत आत शिरण्याने बिघडतं. तांत्रिक शब्द इंग्रजीतच असतात, ते आपल्याला येतात, मधली क्रियापदं साधी ठेवा. अडलं तर "हिंदीत सांगू का?" असं सरळ विचारा, लॅबच्या नोकरीला बहुतेक ठिकाणी चालतं. 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर मात्र तयार हवं, आणि ते गच्चीवर मोठ्याने म्हणून बघितलेलं हवं. गाव, शिक्षण, काय काम केलं, इथे का, दीड मिनिटात संपवा. शेती किती, भाऊ काय करतो, यात शिरू नका. आणि इकडची माणसं तुटक बोलतात त्याचा राग मानू नका. तो राग नसतो, त्यांना ८:१२ची लोकल गाठायची असते.

ओळखीचं काय, असं सगळे विचारतात. आपल्याकडच्या लोकांना वाटतं, साहेब आपल्या तालुक्याचे निघाले की काम झालं. ओळखीने खुर्चीपर्यंत पोचता येतं, पुढे कॉलम तुम्हालाच धुवायचा असतो. आणि ओळखीचा माणूस पैसे मागायला लागला तर तिथून उठा, मग नोंदणी फी म्हणो, डिपॉझिट म्हणो, युनिफॉर्मचे म्हणो. परक्याला आपण नाही म्हणतो, गाववाल्याला म्हणता येत नाही, म्हणून तो जास्त महागात पडतो. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत पिशवीत घालायची.

आता पत्ता. गाडीने सकाळी ठाण्याला उतरून तसेच इंटरव्ह्यूला जाऊ नका, एक दिवस आधी या. 'टीटीसी एमआयडीसी', म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र, हा पत्ताच नव्हे. हा पट्टा दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे करत नेरूळच्या बाजूपर्यंत पसरलाय. प्लॉट नंबराआधीचं अक्षर चुकलं की रिक्षावाला भलत्याच टोकाला सोडतो. फोन करून विचारा, "जवळचं स्टेशन कुठलं आणि तिथून शेअर रिक्षा कुठली?" ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भ्यापर्यंत ट्रान्स-हार्बर मार्गावरची कुठलीही लोकल चालते. त्यापुढे जायचं असेल तर वाशीची की पनवेलची ते बघून चढा. फाटा तुर्भ्याच्या पुढे फुटतो. गेटवर सिक्युरिटी नोंद, ओळखपत्र, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, यात वीस मिनिटं जातात. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि एक कोरडा मोज्यांचा जोड. प्लांट दाखवायला नेण्याची शक्यता असते, म्हणून नेलपॉलिश, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा.

पगाराचा आकडा ऐकून आनंदाने घरी फोन करण्याआधी हा हिशेब करा. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, वर्षाला २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याला वीस हजार हातात, असं नाही. समजा बेसिक बारा हजार आहे. कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,४४० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ५७७ रुपये त्या वीस हजारांतच धरलेले असतात. ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, कंपनीचा ३.२५ टक्के वाटाही त्यातच. मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,४४०, ईएसआय पाऊण टक्का, आणि पुरुषांना व्यवसायकर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. बायकांना पगार पंचवीस हजारांपर्यंत असेल तर हा कर नाही. हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास येतात, आणि बोनसही सीटीसीत कोंबला असेल तर त्याहून कमी. म्हणून विचारा, "इन-हँड किती?" हा प्रश्न विचारल्याने कुणाची नोकरी गेलेली मी बघितली नाही. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि सोडताना किती भरायचे, तेही लेखी घ्या.

निवड झाली की नावाची भानगड निस्तरा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर चौथंच काहीतरी. यूएएन आधारशी जुळलं नाही की पीएफ अडकतो. गावी असतानाच दुरुस्त करून आणा, इथे आल्यावर त्यासाठी सुट्टी कुणी देत नाही.

रुजू होण्याच्या दिवशी ढीगभर कागद पुढे टाकतात, हल्ली बरेच ऑनलाइन असतात. घाईत सह्या करायला लावतील. फॉर्म ११ आला की थांबा, पाठवलेला रेझ्युमे शेजारी उघडा आणि दोन्हीकडच्या तारखा एकेक करून जुळवा.