निसर्गाच्या कुशीतल्या सार्वजनिक इमारतीचं लँडस्केप: नवीन लोकांसाठी थोडं अनुभवातून

या फील्डमध्ये नवीन आलेले बहुतेक जण पहिलं विचारतात की झाडं कुठली लावायची. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा. म्युझियम असो, लायब्ररी असो की जंगलाच्या कडेचं माहिती केंद्र, आधी तिथे आत्ता काय आहे आणि त्यातलं काय वाचवता येईल ते बघा, कारण जुनं झाड आणि जिवंत माती नंतर कितीही बजेट टाकलं तरी परत येत नाही.

कंटूर सर्व्हे (जमिनीचे चढ-उतार दाखवणारा नकाशा) हातात घेऊन साइट पायी फिरा, जमलं तर भर पावसात, म्हणजे पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे माती कापत जातं ते डोळ्यांनी दिसतं. हिशोब सोपा आहे, १ चौ.मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १००० चौ.मी. छपरावर २५ मिमी पडला की २५,००० लिटर. इमारत नव्हती तेव्हा यातलं बरंच जमिनीत मुरायचं, आता सगळं एकदम खाली धावणार. पाइप टाकून ओढ्यात सोडलं तर ओढ्याचे काठ खचतात, त्यापेक्षा गवताचे उथळ चर काढून वाटेतच मुरवा.

मुळांबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. बहुतेक झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या अर्ध्याएक मीटरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, त्यामुळे नुसत्या खोडाला फळ्या बांधून काही होत नाही. जेसीबी चार वेळा वरून गेला की माती दबते, हवा-पाणी आत जात नाही, आणि झाड काही वर्षांनी वाळतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. कुंपण घेराच्या बाहेरून, काम सुरू व्हायच्या आधी, आणि टेंडरमध्ये लिहूनच घ्या, तोंडी सांगितलेलं साइटवर टिकत नाही. खोदाईत निघालेली वरची माती वेगळी ठेवा, पण उंच ढीग नको.

पायवाटेचा उतार १:२० (२० मीटर अंतरात १ मीटर चढ) पेक्षा कमी ठेवला तर व्हीलचेअरला वेगळा रॅम्प लागत नाही, सगळे एकाच वाटेने येतात, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

झाडं आसपासच्या रानातलीच घ्या, बाहेरून आणलेल्या आक्रमक जातींचं बी थेट जंगलात जातं. दिवे खाली तोंड केलेले, पिवळसर आणि मोजकेच.

आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, तण कोण काढणार, त्याचे पैसे कुठून येणार हे पहिल्याच मीटिंगला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर लागवड तेवढी कमी करा.