चुका खोडू नका, टिपून ठेवा

एकतीस वर्षं सांगलीतल्या एका छापखान्यात प्रूफं वाचली. चुकीची वेलांटी दिसली की हात अजून लाल पेनाकडे जातो. त्यामुळे नातू "आजोबा, मी बागेत जालो" म्हणाला तेव्हा माझ्या तोंडून "जालो नाही रे, गेलो" निघालंच. तो हसला आणि पुन्हा "जालो"च म्हणाला. महिन्यापूर्वी हाच पोरगा "बाबा गेले" चोख बोलत होता! त्या दिवशी दुरुस्ती बंद केली आणि वही घेतली. तुमच्या घरी बोलू लागलेलं मूल असेल तर तुम्हीही घ्या.

शंभर पानी वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगा, पेन्सिल दोऱ्याने बांधा. मोबाइल काढला की पोर बोलायचं सोडून मोबाइलच मागतं. तारीख लिहा, वय लिहा (२ वर्षं ८ महिने म्हणजे २;८, अभ्यासक असाच अर्धविराम देतात), मूल म्हणालं ते जसंच्या तसं लिहा. आणि त्याच्या आधी मोठं माणूस काय बोललं तेही. हे शेवटचं विसरलात तर नोंद फुकट, कारण मूल नक्कल करतंय की स्वतः घडवतंय हे त्यावरूनच कळतं.

मूल भाषा कशी शिकतं, हा सगळा वाद इथलाच आहे. १९५७ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने एका पुस्तकात मांडलं की मूल ऐकतं, उच्चारतं आणि शाबासकी मिळेल ते पक्कं करतं. १९५९मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने स्किनरच्या पुस्तकाचं लांबलचक परीक्षण लिहून ते धुऊन काढलं. त्याच्या मते भाषेची घडण मूल जन्मतःच घेऊन येतं. आता आमच्या घरी "जालो" कोणीच म्हणत नाही, शाबासकी तर दूरच. बस-बसलो, पड-पडलो, म्हणून जा-जालो. "गेले" नुसतं पाठ होतं, नियम सापडला आणि ते बिघडलं. तेव्हा बरोबर रूपंही टिपा, नाहीतर हा बिघाड दिसणारच नाही. मी पहिले दोन महिने फक्त चुकाच लिहिल्या. धंद्याची खोड.

प्रत्येक क्रियापदाला वेगळं पान द्या. टोमासेलो या मानसशास्त्रज्ञाने आपल्या मुलीच्या बोलण्याची रोजनिशी ठेवली होती, त्यावरचं पुस्तक १९९२ला आलं. त्याचं म्हणणं, सुरुवातीला एकेक क्रियापद म्हणजे एकेक बेट, एकाची रूपं मूल दुसऱ्याला लावत नाही. आमच्या वहीत "पड"च्या पानावर पडला, पडली, पडेल असा संसार, तर "फेक"च्या पानावर कित्येक आठवडे नुसतं "फेक". मला टोमासेलो पटतो, निदान अडीच वर्षांपर्यंत. मग "जालो"पाठोपाठ "येलो", "करलं" एकाच आठवड्यात आले आणि मी गप्प झालो.

तीन-साडेतीनला एक खेळ करा. बालभाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८मध्ये मुलांना 'वग' नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. हा शब्द मुलांनी कधी ऐकलेलाच नव्हता, तरी त्यांनी अनेकवचन केलं. आपल्याकडे लिंगं तीन, म्हणून चित्रंही तीन काढा: हा टुपा, ही फिमटी, हे डुगरू. "आता आणखी एक आलं. हे दोन...?" आणि ओठ घट्ट मिटून बसा. नातवाने टुपे, फिमट्या पटकन सांगितलं. डुगरूला अडला, "दोन डुगरू" म्हणाला. पुढे वाड्यातल्या कुत्रीला पिल्लं झाली, दिवसभर पिल्लू-पिल्लं चाललं, आणि मग "डुगरं" आलं.

दुरुस्तीसाठी हात शिवशिवलाच तर "हो का, बागेत गेलास?" एवढंच म्हणा. ब्राउन आणि हॅनलन या अभ्यासकांनी १९७०मध्ये दाखवलं की आईबाप शाबासकी देताना व्याकरण नाही, खरंखोटं बघतात. आमची सून तशीच. "मांजर आला" म्हटलं की "हो रे, आलं." आणि व्याकरणशुद्ध "कुत्रा आला" म्हटलं की "कुत्रा कुठाय? मांजर आहे ते!"

बोबडं बोलून मात्र दाखवू नका. नातू काकाला "ताता" म्हणायचा. एकदा मी लाडाने विचारलं, "ताता आले का?" तो चिडला. "ताता नाही, ताता!"